पिलारच्या आईला लागलेली परवानगी

नाशिक, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

यांच्या अंबडच्या कारखान्यात स्पेनहून आलेल्या इंजिनिअर पिलारबाई आज जेवायला होत्या. म्हणाल्या, "माझ्या आईला नोकरी करायलासुद्धा माझ्या वडिलांची लेखी परवानगी लागायची. घटस्फोटाचा तर कायदाच नव्हता. पुढे सगळं बदललं. माझ्या घटस्फोटाच्या वेळी आईच माझ्यासोबत कोर्टात आली."

माझी मीनल खाली मान घालून पोळ्या वाढत होती. नवऱ्याच्या मारापायी महिन्यापूर्वी ती इगतपुरीहून माहेरी आली. परवा मीच तिला म्हटलं, "सोसायचं जरा, जा परत." ती परवानगी डोक्यातून जात नाही. मीनलला कुणाची लागते? माझीच ना?

बाई गेल्यावर मीनल म्हणाली, "आई, रविवारी निघते मी."

मला 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "स्वेटर घे, इगतपुरीला थंडी असेल."

असं कसं बोलले मी?