तुम्ही आधी, बाई!

६ सप्टेंबर १९७६
आज वर्गात नुसता दंगा! आणि तोही गणिताच्या तासाला! मुरंब्यासाठी सोललेल्या आलुबुखारांच्या बिया धुऊन पिशवीभर नेल्या. प्रत्येक बाकावर सोळा. नियम एवढाच — आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन उचलायच्या. शेवटची ज्याच्या हाती, तो जिंकला. घंटा झाली तरी तिसरीची पोरं जागची हलेनात!

सेंतेशी सर, आमचे हेडमास्तर, दारात. "आरांकाबाई, पाढे कधी?"
म्हटलं, हेच पाढे!

९ सप्टेंबर
मला अजून कुणी हरवलेलं नाही. "बाई लबाडी करतात!" — लात्सी. मी नेहमी त्यांनाच आधी खेळायला लावते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

१४ सप्टेंबर
हरले!! चक्क हरले!

गिझीने हरवलं. शेवटच्या बाकावरची, नदीपलीकडच्या रोमा म्हणजे जिप्सी वस्तीतली. वर्षभरात तिचा आवाज ऐकला असेल-नसेल. मी म्हटलं, "घे, कर सुरुवात." तिने बिया माझ्याकडे सरकवल्या.

"तुम्ही आधी, बाई."

मी तीन घेतल्या, तिने एक. मी दोन, तिने दोन. आणि मग माझं काही चालेना.

"चार उरल्या आणि पाळी तुमची आली की तुम्ही संपलात," ती म्हणाली. "त्याआधी आठला. त्याआधी बाराला."
"कुणी सांगितलं तुला?"
"कुणी कशाला सांगायला हवं?"

पोरांनी तिला खांद्यावर घेतलं. घरी येताना मी रस्त्यात एकटीच हसत होते.

१५ सप्टेंबर
सरांना उत्साहाने सांगायला गेले, तर म्हणाले, "गिझी? तिचं नाव मुलांची पारख करणाऱ्या समितीकडे गेलंय. मंदबुद्धी मुलांच्या शाळेत जाईल. धाकटा भाऊ मिकी तिथे गेलाच की वसंतात."
मी भांडले. शेवटी म्हणाले, "परीक्षा होईल ना? पास झाली तर ठेवा. माझं काय जातंय?"
पास? ती तर पहिली येईल!

२३ सप्टेंबर
रोज नवं कोडं. गिझी आता दुसऱ्यांना शिकवते! लात्सीला म्हणाली, "हावरटासारखं उचलू नकोस, मागून विचार कर." माझ्यापेक्षा बरी शिकवते.

२८ सप्टेंबर
नापास. एकही उत्तर बरोबर नाही. मी मागे बसून ऐकत होते. सहा अधिक सात? — "चौदा." नऊ वजा चार? — "सहा."

जेवताना घास तोंडात तसाच राहिला. चौदा. सहा. बाकीचीही आठवून पाहिली. प्रत्येक उत्तर एकाने जास्त! प्रत्येक! पोरगी मुद्दाम नापास झाली!

२९ सप्टेंबर
गिझीला व्हरांड्यात गाठलं. विचारलं, मुद्दाम का चुकलीस? मग म्हणाली, "मिकी तिथे एकटाच रडतो, बाई. मी गेले की रडणार नाही."

शाळा सुटल्यावर तडक समितीच्या बाईंकडे गेले. एकेक उत्तर पुढे मांडलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि खो खो हसत सुटल्या. "म्हणजे चुकण्यातही एकदा चुकली नाही म्हणा की!"
पुन्हा परीक्षा घेणार! मी धीर करून भावाचं विचारलं. "त्यालाही आणा."

१ ऑक्टोबर
गिझीबरोबर मिकीच्या शाळेत गेले. मोठी मोठी पोरं दोऱ्यात मणी ओवत बसलेली. ओवून झाले की तिथल्या बाई ते काढून टाकतात, पुन्हा ओवायचे. मी पिशवी उघडली. तासाभरात असा आरडाओरडा, की शिपाई धावत आला! मिकी दोनदा हरला, तिसऱ्यांदा मला म्हणाला, "गप्प बसा, मी विचार करतोय." गिझीची मान काय ताठ झाली! निघताना एका दांडगट मुलीने माझी बाही धरली — "उद्या येणार?"

९ ऑक्टोबर
गिझी पास! मिकीसुद्धा!! सोमवारपासून मिकीही आमच्या शाळेत. वर्गात टाळ्या. सेंतेशी सरांनी स्वतः गिझीचा शेवटचा बाक पुढे सरकवला.

१० ऑक्टोबर
मी बदली मागितली आहे. त्या मणी ओवणाऱ्या पोरांच्या शाळेत. गिझीला अजून सांगितलेलं नाही.