फक्त चित्र दिसतं

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला कॅमेरा काल बसला. वायरमनने तो बाबांच्या पलंगासमोर, कपाटाच्या वर लावला. मी वह्या शिवतो ते टेबलही त्यात येतं, तेव्हा माझा कामचुकारपणा बंद! यात फक्त चित्र दिसतं, आवाज जात नाही, हे तू चिठ्ठीत दोनदा लिहिलंस म्हणून माझी धास्ती गेली. मी बाबांशी दिवसभर काहीबाही बोलत असतो. त्यांची वाचा गेली तरी कळतं सगळं, आणि ते कुणाला सांगत नाहीत. असा श्रोता दुसरा कुठे मिळायचा?

इमारतीत तुझं फार कौतुक आहे. समोरच्या पेन्शनर आजोबांनी, लेक असावी तर अशी, असं जिन्यात सगळ्यांना ऐकवलं. आता जिन्यात आणि गच्चीतही कॅमेरे लागणार. सह्यांचा कागद अर्ध्या तासात भरला. मीही सही केली, पण चार वेळा वाचून.

लोभ आहेच, त्यात घट नसावी.
तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या सदऱ्याचा खिसा उसवलाय आणि पाच दिवस तोच सदरा अंगावर आहे. बघ, कशी पकडली चोरी! सासूबाई आणि जाऊबाई दुपारच्या चहाला माझ्या फोनपाशी येऊन बसतात. तू हात धुऊन मगच बाबांना भरवतोस, याचं सासूबाईंना फार कौतुक. असा मुलगा दिवा लावून शोधावा लागतो म्हणाल्या.

एक सांगते, रागावू नकोस. गुरुवारी बाबांची मान पुसताना तू म्हणालास, की तुम्ही सुटलात तर मीही सुटेन. असलं पुन्हा तोंडातून काढू नकोस. सासूबाईंना धक्काच बसला. काकांनाही ऐकवलं, ते तुला समजवायला येतील. कंटाळा कुणाला येत नाही? पण माणसाने बोलून दाखवू नये.

खिसा शिवून घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग माझ्या पत्राची नक्कल काढून पाहिली. ते वाक्य मी तुला लिहिलेलं नाही. वायरमनला गाठलं. तो म्हणाला, आवाज बंद ठेवू का असं त्याने तुला फोनवर विचारलं होतं आणि तू नको म्हणालीस.

काका येऊन गेले. माझ्याकडे कमी आणि कॅमेऱ्याकडे जास्त बघत त्यांनी मला संयम शिकवला. हे यंत्र काढतो म्हटल्यावर म्हणाले, आता काढलंस तर लोक म्हणतील, बापाचे हाल लपवतोय. पेन्शनर आजोबा म्हणाले, कर नाही त्याला डर कशाला. मला डर आहे ताई, कारण मी ते बोललो होतो. पण बाबांना बोललो होतो. आठ महिने मी त्यांचं सगळं करतोय, आणि जे कुणाला सांगता येत नाही ते त्यांना सांगतोय. गुरुवारी ते ऐकून बाबांनी, ज्या हातात जोर उरलाय त्या हाताने, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चित्रात तेही आलं असेल. ते काकांना दाखवलंस का?

तुझ्या सासरी मला काय म्हणतात, याचं एवढं नाही. माझा विश्वास तुझ्यावर होता, यंत्रावर नव्हता.

लोभाचं काय लिहावं, सुचत नाही.
धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चुकले. इतक्या लांबून जीव राहत नाही रे, रात्री बाबांचा श्वास ऐकला की मला झोप लागते. पण आता आवाज बंद केलाय, तुझी शपथ. तेव्हा राग सोड आणि बाबांशी बोल. दोन आठवडे बघते आहे, ते तुझ्याकडे तोंड करून हं हं करत राहतात आणि तू गप्प. त्यांचा काय दोष?

आणि तू बाबांसमोर कागद धरतोस, तो कसला? कॅमेऱ्याकडे तुझी पाठ असते, अक्षर दिसत नाही. सासूबाई रोज विचारतात. कसली सही तर घेत नाहीस ना?

उत्तर लगेच टाक. ताईवर माया असू दे.
तुझी ताई

१६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आवाज बंद असता तर बाबांचं हं हं तुला ऐकू आलं नसतं.

कागदावर मी बाबांना लिहितो. बोलायचो तेच. त्यांनी छापखान्यात जन्मभर प्रुफं वाचली, अजूनही सावकाश वाचतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की बोट तिथेच ठेवतात, मी सुधारेपर्यंत हलवत नाहीत. वाचून झालं की मी कागद फाडतो. त्यात काय असतं ते बाबांना ठाऊक आणि मला.

बाबांची प्रकृती तुला दिसते, ऐकूही येते. आता खुशाली कळवायला पत्र नको. माझं हे शेवटचं.

थोरांस नमस्कार.
धाकटा