दिवस मावळायच्या आत

माय, आज पुन्हा एका बाईचा तळपाय पाहिला. किन्हीराजा गावची होती. नवरा सोबत होता आणि दोघं सकाळच्या गाडीनं वाशिमला आले होते. तिनं माझ्या टेबलावर आधी कार्ड ठेवलं, मग बाकावर बसून पाय वर घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेली जखम दाखवली. बोराएवढी, कडा पांढऱ्या पडलेल्या. दुखतं का, विचारलं. "नाई न बाई," ती म्हणाली, "अजिबात दुखत नाई. दुखत नाई म्हनूनच तं इतके दिवस आली नाई." तुझंच वाक्य, तुझ्याच चालीत. मी मान खाली घालून उगीच कार्ड उलटंपालटं करत बसले.

तुला माझी ही नोकरी माहीत नाही. तू होतीस तेव्हा मी इथून जवळच मालेगावात कापडाच्या दुकानात होते. आता इथे एका खाजगी दवाखान्यात सरकारच्या विमा योजनेचं टेबल सांभाळते. काम एवढंच, की कार्ड पाहायचं, अंगठा घ्यायचा, कागद वर मंजुरीला पाठवायचे आणि मंजुरी येईपर्यंत नातेवाइकांचं बोलणं खायचं. लोक मला कार्डवाली मॅडम म्हणतात. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस आणि संध्याकाळपर्यंत मला त्याच नावानं हाक मारली असतीस.

डॉक्टरांनी त्या बाईला तपासलं. साखर वाढलेली. रोज गोळ्या, एक दिवसाआड पट्टी, पायात मऊ चप्पल, घरातसुद्धा. भरती करण्यासारखं काही नाही, असं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि तिथेच माझं काम संपलं. कारण योजना भरती झालेल्या माणसाची आहे. पलंग मिळाला की कार्ड उघडतं, त्याच्या अलीकडचं ज्याचं त्यानं पाहायचं. मी हे समजावून सांगितलं तसा नवरा म्हणाला, "मंग करून घ्या न हिले भरती." मी म्हटलं, दादा, तेवढा पाय खराब नाही. तो चिडला नाही. त्यानं अगदी सरळपणे विचारलं, "म्हन्जे खराब झाल्यावर आना लागते का?" मी त्यांना पाणी प्यायला दिलं.

आणि नेमका याच आठवड्यात वरून एक कागद आला आहे. योजना सुधारायची आहे, म्हणून टेबलावर बसणाऱ्यांनीही आपली सूचना लिहून आणावी, परवा बैठक आहे. सूचनेसाठी दोन ओळींची जागा सोडली आहे. कामावरून आल्यापासून मी तो कागद ओट्यावर घेऊन उभी आहे. दोन ओळी काही जमल्या नाहीत, म्हणून कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तुझ्याशी बोलायला लागले. ती बाजूही आता भरत आली आहे आणि मी दुसरा कागद शोधते आहे.

मला सारखी शिरपूरच्या जैन मंदिराची भोजनशाळा दिसते. शाळा सुटली की मी घरी न जाता थेट तिथेच येते आहे, पाय उन्हानं भाजलेले, आणि तू भट्टीसमोर फुलके भाजायला बसलेली आहेस. कांदा नाही, लसूण नाही, तरी त्या वरणाचा वास रस्त्यापर्यंत येतो. एकदा मी घाईत चपलांसकट आत आले. तू मागे वळूनही पाहिलं नाहीस, नुसत्या आवाजावरून ओळखलंस. "चपला घालून रसोड्यात आली तू? अन्न शिजून राह्यलं इथं. मांगं फिर." तेवढंच बोललीस, पण सगळ्या बायकांनी लाटणी थांबवली. मी उंबऱ्याबाहेर जाऊन रडले. मग तूच बाहेर आलीस, माझ्या पायांवर तांब्याभर थंड पाणी ओतलंस आणि आत नेऊन निखाऱ्यावर फुगलेला पहिला फुलका तूप लावून माझ्या हातावर ठेवलास. तू निखाऱ्यावरून फुलका बोटांनीच उचलायचीस. चिमटा होता, पण तो वापरणं तुला हात नसलेल्यांचं काम वाटायचं.

तिथला नियम तुझ्या अंगात इतका भिनला होता की आपण जैन नसूनही आपल्या घरी कधी दिवस मावळल्यावर ताट वाढलं गेलं नाही. मी अजूनही तसंच करते. भोजनशाळेत ऊन उतरायला लागलं की तू तवा दुसरीच्या हाती द्यायचीस आणि फाटकाशी जाऊन उभी राहायचीस. एसटीतून उतरलेली माणसं आधी मंदिराकडे निघायची. तू त्यांना आडवी जायचीस. "भाऊ, दर्शन मावळल्यावरबी होते. जेवन होत नाई. आधी पंगतीले बसा." मुनीमजी गादीवरून हसायचे, "बाई, तुम्हाले तं एसटीत कंट्रोलर करा लागते." तू त्यांनाही सोडायची नाहीस. "अन् मंग तुमच्या पाहुण्यायले फुलके कोन देईन, तुमी?" पण उशिरा येऊन उपाशी झोपलेलं एखादं म्हातारं माणूस ओसरीवर दिसलं, की त्या रात्री तुझा डोळा लागायचा नाही. नियम मोडायचा नाही, हे तुला मान्य होतं. म्हणून माणसालाच आधी गाठायचं, हा तुझा उपाय होता.

मला पहिला पगार मिळाला तेव्हा तुझी साखर नुकतीच निघालेली होती. मी मालेगावातून तुझ्यासाठी मऊ चप्पल आणली, निळ्या पट्ट्याची. तू ती आधी हुंगलीस. मग शिरपूरच्या बाजारातून विनाकारण एक चक्कर मारलीस आणि जो भेटेल त्याला पाय पुढे करून सांगितलंस, "माह्या लेकीनं आनली." मला लाज वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं. पण रसोड्याच्या दाराशी चप्पल निघायची ती निघायचीच, आणि घरीही चुलीपाशी तीच गत. डॉक्टरांनी घरातसुद्धा घालायला सांगितलं आहे, असं मी म्हटलं की तुझं उत्तर तयार असायचं. "चुलीपाशी चप्पल? त्या डाक्टरले म्हना, आधी तुह्या मायले इचारून ये."

निखारा पायाखाली आला तो तुला कळला नाही. शेजारी लाटत बसलेल्या बाईला वास आला, तेव्हा कळलं. घरी येऊन तू ही गोष्ट गंमत म्हणून सांगितलीस. पाय पक्का झाला आता, काही लागतच नाही, म्हणालीस, आणि हळद-तूप लावून दुसऱ्या दिवशी कामावर गेलीस. सरकारी दवाखान्यात साखरेच्या गोळ्या फुकट मिळत होत्या, पण त्यासाठी दिवस मोडावा लागे आणि यात्रेकरूंचा हंगाम असला की तुझा दिवस मोडत नसे. शेवटी मी तुला ओढत डॉक्टरकडे नेलं. तेव्हाही आपल्याकडे कार्ड होतं. तेव्हाही जखम लहान होती, भरती करण्यासारखं काही नव्हतं, आणि आपण पट्टी बांधून परत आलो.

पुढे पाय काळा पडला आणि मग मात्र पलंग मिळाला. कार्ड उघडलं ते असं, की कशालाच कमी पडलं नाही. ऑपरेशन, औषधं, तुझं दोन्ही वेळचं जेवण, सगळं त्यात. अडलं फक्त तुझ्या अंगठ्यावर. यंत्राला तो दिसेचना. टेबलावरचा मुलगा फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसायचा आणि म्हणायचा, मावशी, जरा दाबा. तू म्हणालीस, "दाबून कुठून निंघन बाप्पा, तव्यानं खाऊन टाकलं समदं." अखेर करंगळी चालली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीस तेव्हा चादरीकडे बराच वेळ पाहत होतीस. मग मला जवळ बोलावून म्हणालीस, "आता एकच चप्पल झिजन पोरी. दुसरी नवीच राह्यते." मी हसले, कारण तुला मला हसवायचं होतं. टाके निघायच्या आत तू गेलीस, विष तोवर अंगभर पसरलं होतं. तेराव्याला गावातली माणसं म्हणत होती की योजना चांगली आहे, एक रुपया लागला नाही. ते खरंच होतं. मी योजनेला नावं ठेवत नाही, माय. याच टेबलावरून माणसं हृदयाची ऑपरेशनं होऊन चालत घरी गेलेली मी पाहिली आहेत, आणि जाताना कोणी भुईमुगाच्या शेंगा ठेवून जातं, कोणी नुसता डोक्यावर हात ठेवतं.

पण तुझा पाय कापायला जी योजना धावून आली, ती त्या बोराएवढ्या जखमेच्या वेळी कुठे होती, हे मला कोणीतरी सांगावं. आज दुपारी मी डॉक्टरांशी यावर बोलले. माणूस चांगला आहे. ते म्हणाले, विमा मोठ्या संकटासाठी असतो, गोळ्या आणि पट्ट्या त्यात घातल्या तर तिजोरी चार दिवसांत रिकामी होईल. मी म्हटलं, सर, पाय कापायला काय कमी लागतं? ते म्हणाले, लिहा तुम्ही, मीही सही करतो. पण जाता जाता त्यांनी एक विचारलं, ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. फुकट दिलं तरी लोक येतील का, मॅडम?

तीच शंका मलाही होती, म्हणून मी त्या किन्हीराजाच्या बाईला सकाळी लगेच जाऊ दिलं नव्हतं. गोळ्या कुठे फुकट मिळतील ते सांगितलं, पट्टी गावातल्या सिस्टरकडून कशी करून घ्यायची ते सांगितलं. ती सगळ्याला मान हलवत होती. घरात चप्पल घालायची म्हटल्यावर मात्र तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वाईटच बोलले. "चुलीपाशी? नाई बाई, ते होत नाई." मला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं. मग काय सुचलं कोण जाणे, मी तिला म्हटलं, ही चप्पल वेगळी घ्यायची. नवी कोरी. स्वयंपाकघरात धुऊन ठेवायची आणि तिनं कधी उंबरा ओलांडायचा नाही. बाहेरची माती तिला लागलीच नाही तर ती चप्पल कसली, ते तर पायाचं फडकं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बराबर हाय न मॅडमचं." ती म्हणाली, "सासूले इचारून पाह्यते." परवा पट्टी दाखवायला येते म्हणून गेली आहे. येईल की नाही, मला माहीत नाही. आपल्याकडे हो म्हणणं वेगळं आणि गाडीत बसणं वेगळं.

बैठकीत मी हेच मांडणार आहे. कार्ड पलंगाआधी उघडावं, जखम लहान असतानाच. पट्टीला येण्याजाण्याचं एसटीचं भाडं त्यात असावं, कारण पट्टी फुकट असली तरी वाशिम जवळ येत नाही. ज्या बायकांचे अंगठे तव्यानं आणि विळ्यानं पुसले आहेत, त्यांना करंगळीपर्यंत ताटकळत ठेवू नये. आणि साखर असलेल्या प्रत्येक बाईला चपलेचे दोन जोड द्यावेत, एक रस्त्याचा आणि एक चुलीचा. साहेब लोक हसतील कदाचित, हसू देत. दोन ओळींत बसवायचं तर तुझंच वाक्य लिहावं लागेल, की आधी पंगतीला बसवा, दर्शन मग होईल. पण ते त्यांना कळायला तू फाटकाशी उभी राहायला हवीस, आणि तेच तर होत नाही. मला तुझी फार आठवण येते. तिला काही कारण लागत नाही, जखमा रोजच येतात, आठवण त्यांच्याही आधी येते. आणि कधी कधी वाटतं, गोळ्या घरपोच आल्या असत्या, कार्ड पहिल्याच दिवशी उघडलं असतं, तरी तू त्या भट्टीसमोर अनवाणीच बसली असतीस. चुलीच्या चपलेची युक्ती मला तेव्हा सुचली असती, तर तू ऐकलं असतंस का, हे मी तुला विचारू शकत नाही.

आता ऊन ओट्यावरून खाली उतरलं आहे. दोन पोळ्या टाकून जेवून घेते, दिवस मावळायच्या आत. हे कागद पोस्टात टाकायचे नाहीतच, डब्याखाली ठेवीन, बैठकीला सूचना नव्या कागदावर नेईन. फक्त एक सांगायचं राहिलं. मागच्या पावसाळ्यात माझीही साखर निघाली आहे. चुलीच्या चपलेचं त्या बाईला सांगितलं आणि येताना मी माझ्यासाठीही एक जोड घेऊन आले, निळ्या पट्ट्याचा. तो धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ठेवला आहे, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. पण इथल्या फरशीवर उघडा पाय टेकला की मला वाटतं, तू मागे वळून न पाहता माझी पावलं ओळखशील. कोणाला सांगू नकोस माय, हे सगळं मी अनवाणीच उभी राहून लिहिलं आहे.