थॉर्नफोल्डची मुलगी

मुळशी, ४ मे १९२६

प्रिय रोझी,

तुझं पत्र मिळालं. विलायतेहून आलेल्या म्हाताऱ्या मिस थॉर्नफोल्ड तुला भाची म्हणून पोटाशी धरून रडल्या. परवा त्यांना घेऊन तू इथं त्यांच्या भावाची, म्हणजे तुझ्या वडिलांची, कबर पाहायला येणार आणि पुढच्या आठवड्यात दोघी बोटीत बसणार. तुझा आनंद ओळीओळीत दिसतो. पण त्यांना आणण्याआधी हे पत्र एकटीनं वाच.

आडनावाची हकिकत तू मोठ्या झोकात लिहिली आहेस. थॉर्नफोल्ड म्हणजे काट्यांचं कुंपण घातलेलं मेंढरांचं वाडगं. तिकडे उत्तरेला माळावर त्या नावाची चार घरांची वाडी होती. तिथले मेंढपाळ शहरात उतरले तसं वाडीचं नावच त्यांना चिकटलं. वाडी ओस पडली, घराणं खुंटत आलं, आता जगात त्या नावाच्या तुम्ही दोघीच. वाचून मी मोठ्यानं हसलो आणि मग रडूच फुटलं. अगं, तूही मेंढपाळाचीच, पण इथल्या.

तू मला थॉर्नफोल्ड साहेबांचा जुना शिपाई समजतेस, महिन्यातून एकदा आश्रमाच्या फाटकाशी येऊन शेंगा देणारा शिपाईमामा. त्या साहेबांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही. मेंढरं राखता राखता जमीन मोजणीवाल्यांची साखळी धरायचो, तिथं इंग्रजी अक्षरं लावायला शिकलो, एवढंच. दुष्काळाच्या साली माझी कोंडाबाई तापानं गेली. मागं दीड वर्षाची पोर, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. पुण्याच्या त्या आश्रमात फक्त गोऱ्या साहेबांचीच पोरं घेत. माझा भाऊ म्हसू म्हणाला, "हितं मरंल ती. तितं निदान भाकर तरी हाय. सोड तिला." नदीकाठी एक बेवारस कबर होती. दगडावरचं नाव कागदावर उतरवलं आणि आश्रमाच्या बाईंना सांगितलं, ही आमच्या साहेबांची. खालचे आकडे बघायचं सुचलंच नाही.

ते काल जाऊन पाहिले. साहेब १८९४ साली वारले. तू जन्मलीस १८९९ला. भाऊ कधी गेला हे म्हातारीला ठाऊक नसावं, पण दगड वाचून एवढं कळेलच. आकडे फोडायला पहार घेऊनच गेलो होतो. एक घाव घातला, कोपरा उडाला, पुढं हात चालेना. त्या बिचाऱ्यानं माझं काय वाईट केलं होतं?

या पावसाळ्यात धरणाचं पाणी त्या कबरीवर चढेल. तू काही निमित्त सांगून बाईंना पुण्यातच ठेवलंस, तर कुणाला काही कळायचं नाही. खुशाल जा, मी तोंड उघडणार नाही. मग लिहिलं कशाला, असं विचारशील. तुला अडवायला नाही, देवाशपथ. बोट सुटली की तू कायमची त्या साहेबाची लेक होशील. सव्वीस वर्षं मी फाटकाबाहेर मामा होऊन उभा राहिलो. एकदा तरी तुला खरं नातं लिहून सही करायची होती.

तुझाच बाप,
येसाजी