कुशीवर वळवायचा तास

प्रिय धाकट्या,

पंधरा नावं गोळा करायला मला नक्की काय पडलं, ते आज दुपारी दुकानात बसून मांडून पाहिलं. सहा घंट्या, चार सीटकव्हरं, एका सायकलीचे पुढचे-मागचे ब्रेक, एका मुलीच्या लहान भावाच्या तीनचाकीला नवं पेडल. शिवाय तो ताडमाड पोरगा, जो पायाची चप्पल जमिनीवर घासत सायकल थांबवतो, त्याची सायकल आख्खी खोलून पुन्हा जोडून दिली. वर हेडसरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून घालवलेल्या सकाळी. शिपाई जाता-येता विचारायचा, काका, अजून इथंच? तेही यात धर. एवढं सगळं झाल्यावर हेडसर म्हणाले, ठीक आहे, पंधरा झाली, विषय चालू ठेवू.

म्हणजे तुझ्या आईचा विषय वाचला. शाळेत सगळ्यांना वाटतं की मी आता घरी जाऊन गाढ झोपलो असेन. पण त्या पंधरांत तुझं नाव नाही, आणि शनिवारी दुपारी विषय निवडायची मुदत संपते. मला तुझं नाव हवंय. का हवंय, तेच सांगायला बसलोय, आणि तेच सोडून बाकी सगळं आधी लिहिणार, हे मला आत्ताच दिसतंय.

एका घरात राहून पत्र कसलं लिहिता, असं म्हणशील. तुझ्या कानात ती दोन बोंडं असतात म्हणून, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं माझं. मी तोंड उघडलं की त्यातून आधी विनोद बाहेर पडतो. आयुष्यभर गिऱ्हाईक त्यावरच टिकवलं. तुझ्यासमोर बसून हे बोलायला लागलो असतो तर पाचव्या वाक्याला तुला हसवलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. कागद हसत नाही, ते बरं आहे. अक्षर वाकडं वाटलं तर पेनाला दोष दे.

तर सुरुवात अशी झाली. कुठले विषय ठेवायचे, कुठले काढायचे, यावर शाळेने पालकांची सभा घेतली. तू नव्हतास, फार मजा आली. एक बाई म्हणाल्या, इतिहास काढा, जे मेले त्यांचं काय घेऊन बसायचं. त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले, इतिहास राहू द्या, भूमिती काढा, चाळीस वर्षांत मला एकदाही त्रिकोण भेटला नाही. कुणी म्हणालं कर भरायला शिकवा, कुणी म्हणालं बोलायला शिकवा, एक आजी उठून म्हणाल्या, गप्प बसायला शिकवा, तो विषय कुठे आहे? सगळे हसत असताना हेडसरांनी हळूच सांगितलं की घरगुती शुश्रूषा या विषयाला मुलं येत नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षीपासून त्याच्या जागी उद्योजकता ठेवू. आणि पहिलं व्याख्यान, माझ्याकडे हात करून म्हणाले, आपले सायकलवाले काका देतील. टाळ्या पडल्या. तुझ्या आईनेही वाजवल्या. मी तिच्या शेजारीच होतो, मला ऐकू आलं, तिचे तळवे नीट एकमेकांवर पडत नव्हते.

व्याख्यान काय देणार, ते तर सगळ्यांना पाठ आहे, तुलाही. एक पाना आणि एक पंप घेऊन फूटपाथवर बसलो, तिथून शाळेच्या फाटकाजवळचं दुकान उभं केलं, आणि कुणाचाही हात न धरता स्वतःच्या पायांवर उभा राहिलो. बक्षीस समारंभात तीनदा सांगून झालंय. दर वेळी पहिल्या रांगेतले पाहुणे मान डोलावतात.

सभा संपल्यावर मी हेडसरांना गाठलं आणि विचारलं, किती मुलं आली तर विषय राहील? ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांना तासांचं गणित जमवायचं असतं. म्हणाले, पंधरा. दुसऱ्या दिवसापासून मी पंपाशी उभा राहिलो. हवा भरताना पंपाचा आवाज चालू असला की तुम्हा पोरांना वाटतं काकांना ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू येतं. कोण कोणासाठी जीवशास्त्र घेतंय, कोणाच्या वडलांनी परस्पर फॉर्म भरून टाकला, कोणाला रक्त बघून चक्कर येते म्हणून ती डॉक्टर होणार नाही आणि ते घरी सांगायची तिची छाती होत नाही. ज्याची जी दुखरी जागा, तिथून मी बोलायला सुरुवात केली. ताडमाडाची आजी अंथरुणावर आहे, त्याला मी फक्त विचारलं, पाठीला जखमा झाल्यात का रे तिच्या? तो सायकल घेऊन निघाला. संध्याकाळी येऊन नाव देऊन गेला. त्याची सायकल मी नंतर जोडून दिली, आधी नाही. बाकीच्यांना मात्र घंट्याच लागल्या.

आणि पंपाशीच उभं राहून मी ऐकलं, तुला काय म्हणतात ते. बेडपॅनवाल्या बाईंचा. तू मधल्या सुट्टीत आलास की दोघं-तिघं नाक दाबतात, हेही मी पाहिलंय. परवा जेवताना तू आईला म्हणालास, होऊ दे ना तो विषय बंद एकदाचा, किती लाज काढणार? ती वाढत होती, वाढत राहिली. तू उठून गेल्यावर तिने तुझं ताट उचललं आणि तुझ्या पानातलं उरलेलं उभ्यानेच खाल्लं. मी तुझ्यावर रागावलो नाही. पंधराव्या वर्षी मला कुणी असं चिडवलं असतं तर मी दात पाडले असते. तू मान खाली घालून पुढे जातोस, तुझ्यात आईचं जास्त उतरलंय.

पण तू तो तास कधी पाहिला नाहीस, म्हणून सांगतो. खोलीत एक लोखंडी पलंग आहे. त्यावर एक भरलेला पुतळा, त्याला मुलं आजोबा म्हणतात. सुरुवातीला तो कापसाचा होता, एका हाताने उचलला जायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझी आई म्हणाली, याला खऱ्या माणसाचं वजन पाहिजे. मग मी जुन्या ट्यूब आणि टायरचे तुकडे भरून तो शिवला. कुठे किती भरायचं ते कळेना, तेव्हा तिने मलाच पलंगावर झोपवलं आणि माझा खांदा, कंबर, मांडी एकेक उचलून पाहिली, मग आजोबांची. असं करत करत आजोबा माझ्याएवढे झाले. आता दोन मुलं मिळून त्यांना कुशीवर वळवतात, खालची चादर बदलतात, पाठ पुसतात, चमच्याने पाणी पाजतात. पहिल्या आठवड्यात आजोबा हमखास पलंगावरून पडतात. सगळी फिदीफिदी हसतात. तुझी आई हसू देते. मग म्हणते, उचला आता, आणि त्यांची माफी मागा. आणि मुलं मागतात रे, ट्यूब भरलेल्या गाठोड्याची माफी मागतात.

तुला संगणक घ्यायचाय, दोन्हीचा तास एकाच वेळी आहे, तेही मला ठाऊक आहे. त्यात तुझं डोकं चालतं. मी तुला फुकटात काही मागत नाहीये. पण मला विचारशील, शाळेने काय शिकवावं, तर मी म्हणेन, जे बाहेर कुणी शिकवत नाही ते आधी. संगणक शिकवणारे चौकाचौकात आहेत, तू तर त्या पडद्याकडे बघूनही शिकशील. भूमितीवाल्या गृहस्थांना त्रिकोण भेटला नाही, पण अंथरुणावरचं माणूस त्यांना भेटेलच, कधी ना कधी, आणि तेव्हा ते दारात उभे राहतील, हात कुठे घालावा हे न कळून. माझे वडील गेले तेव्हा मी असाच उभा होतो. तहानेने त्यांचे ओठ फुटले होते आणि मी हातात पेला घेऊन विचार करत होतो की ठसका लागला तर काय करू. तुझी आई त्या वॉर्डात नर्स होती. तिने माझ्या हातातून पेला घेतला, त्यांची मान जराशी वळवली आणि पाणी पाजलं. तिच्या-माझ्या लग्नाची गोष्ट मी हसवून सांगतो, त्यात एवढा भाग नेहमी गाळतो.

आणखी एक विषय मी घातला असता, मदत मागायचा. त्यात मी नापास झालो असतो, बघतोयस ना, किती वेळ फिरतोय गोल गोल.

हल्ली मी नाजूक काम घेत नाही, तुझ्या लक्षात आलंय का? वाकडी रिंग सरळ करायची असली की पलीकडच्या गल्लीत पाठवतो, सांगतो की गर्दी आहे. दुकान रिकामं असतं. परवा मी फळकुटाला धरून उठलो तर घंटीवाल्यांपैकी एक जण म्हणाला, काय काका, सकाळपासूनच का? मी डोळा मारला. पिऊन आलोय असं वाटलेलं परवडलं.

धाकट्या, मी मालाच्या खरेदीला म्हणून जात होतो ना, ते मोठ्या इस्पितळात जात होतो, तुझ्या आईबरोबर. आजाराचं नाव लांबलचक आहे, ती तुला नीट सांगेल. आधी हात, मग पाय, मग गिळणं. हळूहळू जाणार, पण गेलेलं परत येणार नाही. मी डॉक्टरांना विचारलं, एखादा भाग बदलून मिळतो का? ते हसले नाहीत, तेव्हा कळलं. ताईला सांगितलेलं नाही, ती दूर आहे, सगळं टाकून धावत येईल. तुला सांगायचं नाही असं तुझ्या आईने मला बजावलंय. मी म्हटलं, मग त्याला घरीच शिकव सगळं. ती म्हणाली, पोराला पहिल्यांदा त्याच्या बापाच्या अंगावर शिकवणार नाही मी. इतर मुलांत, हसत, आजोबांना पाडत शिकू दे. आणि त्याने आपणहून निवडलं तरच. म्हणून मी तो तास वाचवायला धावलो. ती नोकरीसाठी रडतेय असं लोकांना वाटलं, वाटू दिलं. पण मागच्या आठवड्यात तिला आणायला शाळा सुटल्यावर गेलो, तर तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत ती एकटीच आजोबांना उचलून खुर्चीत बसवायला बघत होती. मी बाहेरून तिचा श्वास ऐकला, मग धप्प आवाज ऐकला. दार ढकलायला मला हात उचलेना, आणि तो दुखण्यामुळे नव्हे. एकटीने तिला जमणार नाही रे. तिची पाठ मोडेल, आणि ती ते कुणाला कळू देणार नाही. मी तिला दिलेला शब्द मोडून हे लिहिलंय आणि तुझ्या दप्तरात ठेवतोय. तू संगणकच घेतलास तर मी रागावणार नाही. हे खोटं आहे, रागावेन, पण तुझ्यावर नाही. शनिवारी दुपारपर्यंत वेळ आहे. आज सकाळी तू क्लासला निघून गेल्यावर माझ्या पायात मोजे तुझ्या आईने घातले.

तुझाच,
बाबा