विंगला मीच होते

३ ऑगस्ट
आज कारखान्यात ऑर्डरची वही बघितली. रोह्याचा गणपती, दोन फुटी, बैठा. नाव गुप्तेसर. हात तिथंच थांबला. मी खेळायचे त्या देशाच्या रग्बी टीमचा मॅनेजर तो. ह्याच्यापुढं नुसतं गु. लिवणार, त्याच्यासाठी जास्त शाई नको.
सासरे म्हणाले, "मोठा मानूस हाय. डोळे तूच कर सुनबाय, माझा हात कापतो आता."
हमरापूरच्या ह्या कारखान्याची सून म्हंजे मी, हे गु. ला ठाऊक नाय.
बरं झालं.

५ ऑगस्ट
परीला झोपवून ट्रंकेतून जर्सी काढली. ११ नंबर. डावी विंग. धुतली तरी मातीचा डाग गेला नाय.
विंगला उभं राह्यलं की बॉल येतच नाय. मधल्या पोरी मधल्या मधे खेळतात. मी कडेला चुन्याच्या रेघेजवळ, घसा फोडून ओरडते, बाहेर दे, बाहेर दे. तीन देश बघितले, पाच मॅची. बॉल हाताला किती वेळा लागला ते बोटांवर मोजावं. पन माझ्या बाजूनं कुणी पळून गेली नाय. एकदा पन नाय. मिठागराच्या बांधावर पळलेले पाय हायत. पाडलं तिला, परत उठले, परत पाडलं. ते कोन लिवतंय? ट्राय कुणी केला, बॉल शेवटच्या रेघेपल्याड कुणी टेकवला, तेवढं लिवतात.
शेवटच्या मॅचला तो पन केला. कोपऱ्यात. दोघी पाठीवर, बॉल जमिनीला टेकवला, तोंडात गवत.
गु. नं अहवालात लिवलं, ११ नंबर त्याची भाची. मी राखीव. भाची बाकावर बसून चिप्स खात होती.

९ ऑगस्ट
रोह्याला जाऊन आले. घरी सांगितलं माहेरी कोलाडला जाते.
पेणच्या मैदानावर पोरींना शिकवायची जागा निघालीय. कागद पायजे, देशाकडून मैदानात उतरली होती असा. माझ्या कागदावर राखीव. गणपतीच्या आदल्या दिवशी शेवटची तारीख.
गु. नं उंबऱ्यातच उभी ठेवली. "चुकून झालं असेल गं. आता कशाला उकरतेस?"
म्हटलं, मग नीट लिवून सही करून द्या.
हसला. "पोटात दोन महिन्यांचं घेऊन खेळलीस तू. सासरी माहितीय? करू फोन?" टीमच्या फॉर्मावर ह्यांचा नंबर हाय त्याच्याकडं.
शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी त्यालाच रडत सांगितलं होतं मी. म्हणाला होता, खेळायचं तर खेळ, नायतर बॅग भर. नि आता तोच मला...
एस्टीत परीचाच विचार. परी वर्षाची व्हायला आली, अजून धरून उभी राहत नाय. त्या मॅचला पोटावर एक खांदा बसला होता. ह्यांना पन सांगितलं नाय. कंपनीतून शिफ्ट करून येतात, जेवतात, परीचे पाय चोळतात. मी बघत राहते.

१४ ऑगस्ट
ठरवलं.
डोळे सगळ्यात शेवटी करतात. आंघोळ करून, न बोलता. करणारा खाली पाटावर बसतो, जसा घरचा मानूस पूजेला बसंल तसा, नि तिथनं बघून बुबुळ लावतो. केसभर सरकलं तरी देव डोक्यावरनं बघतो. काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला कळत नाय. नुसतं समोर बसवत नाय.
बसू दे गु. ला दहा दिवस. करू दे आरती. देवानं त्याच्याकडं बघायचंच नाय. कडेला उभं राह्यलं की कसं वाटतं ते कळू दे.

२० ऑगस्ट
केलं. दोन्ही बुबुळं केसभर वर. लय बरं वाटलं, खोटं कशाला लिवू.
तेवढ्यात परी रांगत आली. मूर्तीपुढं बसली, टाळ्या वाजवायला लागली. तो तिच्याकडं बघंना. तिच्या डोक्यावरनं भिंतीकडं बघतोय. ती आपली टाळ्या वाजवतेय.
पांढरा रंग घेऊन दोन्ही डोळे बुजवले.
गु. ला सोडलं असं नाय.

२१ ऑगस्ट
सासूबाईंना सांगितलं. सगळं. त्यानं सांगायच्या आधी मीच. त्या बिरड्याचे वाल सोलत होत्या, हात थांबला नाय त्यांचा.
"सातव्या म्हयन्यापर्यंत मिठाची टोपली व्हायली मी डोक्यावर. तुजा घो काय लंगडा झाला? तुज्या हातात तं नुसता बॉल होता गो."
म्हटलं, परी उभी राहत नाय.
"तो पन सव्वा वर्साचा होईस्तोवर ढेकळासारका बसून होता. रडू नको, वालांत पानी पडतंय."
वाल संपले तशा म्हणाल्या, "त्या मेल्याचा गनपती आपल्याकडंच हाय ना?"

२४ ऑगस्ट
उजवा डोळा केला. नीट, जीव लावून. असा डोळा ह्या वर्षी एकाही मूर्तीला झाला नाय.
डावा पांढराच ठेवला.
सासरे बघून म्हणाले, "आपल्या कारखान्यात असं कधी झालं नाय." मग बारीक ब्रश स्वतः धुऊन माझ्यापुढं ठेवला नि गेले.

२५ ऑगस्ट
गु. टेम्पो घेऊन आला. बायको, भाऊ, एक झांजवाला. मला बघून थांबला.
"तू इथं?"
म्हटलं, डावी बाजू माझीच असते, सर.
बायको मूर्तीजवळ गेली. "अगोबाई, हा एक डोळा राहिला की!"
पाटावर कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. म्हटलं, ११ नंबरला कोण होतं ते तुमच्या हातानं लिवा, सही करा. डोळ्याला पाच मिनिटं लागतात.
तो सासूबाईंकडं वळला. "तुमची सून पोटुशी असताना..."
"ठाव हाय मना. तुमी लिवा."
आता त्याची बायको विचारतेय, "अहो, कोण अकरा नंबर? काय लिहायचंय?" तो टेम्पोपाशी जाऊन उभा राह्यलाय, फोन कानाला. झांजवाल्यानं झांजा खाली ठेवल्या. सासऱ्यांनी सगळ्यांना चहा दिला, त्याला पन.
भीती वाटते. कुणाला फोन करतोय काय म्हाईत.
माझी आंघोळ झालीय. ब्रश ओला करून ठेवलाय. परी मूर्तीपुढं बसलीय, उजवा डोळा बरोबर तिच्याकडं बघतोय.
पाटावरचं पेन अजून कुणी उचललं नाय. हे मी दुसऱ्या पेनानं लिवतेय.