हत्याराची रेघ

प्रिय बुडबुडी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच फेकशील, म्हणून पत्ता शेजारच्या शिंपीणबाईंकडून लिहून घेतला. फसवलं म्हण हवं तर. आता फोडलंच आहेस तर आधी उठ. पाण्याखाली पाठीवर घ्यायची बाबांची ती जुनी पिवळी टाकी, आपली म्हातारी, आहे तिथेच राहू दे, हलवू-आपटू नकोस. खिडक्या उघड, तुझ्या बुडीच्या वर्गातल्या पोरींना बाहेर काढ आणि व्हॉल्व्ह अगदी हळू सोडून तिच्यातली सगळी हवा जाऊ दे. मग पुढचं वाच.

दोन दिवसांत सहा फोन केले, एकही घेतला नाहीस. शेवटी तुझ्या नवऱ्याने उचलला. म्हातारी धोक्याची आहे, वापरू नका, एवढं त्याला सांगितलं, त्याने तुला विचारलं आणि घसा खाकरत निरोप दिला. तू म्हणे दोन गोष्टी बोललीस. एक, दिलेली वस्तू परत मागायची दादाची खोड जुनीच आहे. खरं आहे, तुझा पोहायचा चष्मा मी तीनदा परत घेतला होता. दुसरी, टाकीवर तपासल्याची दादाची सही आहे आणि बाकी कसाही असला तरी दादा खोटी सही करत नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून कंप्रेसर बंद आहे ना ते बघून आलो. बंदच होता.

टाक्या भरायच्या खोलीत बाबा कंप्रेसरशी जितकं बोलायचे तितकं आपल्याशी कधी बोलले नाहीत. तुला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं तेव्हा घाबरून तू वीस मिनिटांत टाकी संपवलीस, वर नुसते बुडबुडे, आणि तुझं बारसं तिथेच झालं. बाकीच्या टाक्या काम असेल तेव्हाच भरायच्या, म्हातारी मात्र कायम भरून कोपऱ्यात उभी. कुणी बुडत असेल तर धावायला एक टाकी तयार पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पस्तीस वर्षांत तिला एक दिवस रिकामं ठेवलं नाही त्यांनी. तूही तिला तशीच भरून ठेवतेस, रविवारी नव्या पोरींच्या पहिल्या बुडीला तीच पाठीवर घेणार आहेस, हे तुझा नवरा मोठ्या कौतुकाने सांगत होता. मी त्याला मध्येच तोडलं.

कारण बाबा तिथेच चुकले. त्या काळातल्या काही टाक्यांचं ॲल्युमिनियम वेगळ्या मिश्रणाचं आहे. ते सतत दाबाखाली राहिलं की मानेतल्या आट्यांजवळ हळूहळू चिरत जातं. पाण्याच्या दाबाच्या चाचणीत टाकी पास होते आणि तडा तसाच राहतो. एखाद दिवशी भरताना फुटते, मग भिंत उरत नाही आणि भरणाराही उरत नाही. तडा शोधायचा तर व्हॉल्व्ह काढून आत आरसा आणि दिवा धरायचा, वर ते तडा लागला की चिवचिवणारं यंत्र फिरवायचं. नुसते डोळे फसतात, कारण आटे पाडणारं हत्यार जिथे थांबतं तिथेही एक उभी रेघ उमटते. म्हातारीच्या मानेत अशी एक रेघ आहे. ही हत्याराची, हिला भ्यायचं नाही, असं म्हणत बाबांनी आपली बोटं धरून ती चाचपायला लावली होती, आठवतं?

सोमवारी माझ्याकडे तपासायला तिच्याच वर्षातली, तशीच एक टाकी आली. तशीच रेघ, त्याच जागी. यंत्र फिरवलं तर चिवचिवाट थांबेना. कुणी पुन्हा भरू नये म्हणून आपल्या रिवाजाप्रमाणे तिच्या पोटाला ड्रिलने भोक पाडलं, हात धुतले आणि तुला पहिला फोन लावला. समोरचा चहा तसाच गार झाला.

आता जे फोनवर तुझ्या नवऱ्याला सांगू शकलो नाही ते. बाबा गेल्यावर त्यांच्या सामानातलं तू फक्त म्हातारी मागितलीस आणि मी दोन वर्षं आज देतो, उद्या देतो केलं. शेवटी तू लिहिलंस की दादाला बाबा एकट्यालाच हवेत. ते मला फार लागलं. त्याच दुपारी व्हॉल्व्ह काढून आत बघितलं. रेघ दोन आटे ओलांडून खाली उतरली होती. हत्याराची रेघ वाढत नाही, बुडबुडी, हे मला तुझ्याइतकंच कळतं. यंत्र कपाटात होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. मी काढलं नाही. काढलं असतं तर भोक पाडावं लागलं असतं, आणि भोक पडलेली टाकी बघून तू म्हणाली असतीस, दादाने मुद्दाम पाडलं. म्हणून मी ‘तपासली, ठीक आहे’ असं लिहून खाली सही केली आणि पाठवून दिली. ती सही खोटी आहे. एवढं एकच सांगायला हे पत्र लिहिलं. मला टाकी परत नको. तुझ्याकडे ड्रिल आहे, भोक तुझ्या हाताने पाड आणि तिला तुझ्याच कोपऱ्यात उभी ठेव. पाडलंस की नवऱ्याकडून निरोप दे. शनिवारी सकाळपर्यंत आला नाही तर मी येऊन तुझ्या दारात बसेन, मग पोरींसमोर काय बोलायचं ते बोल. जन्मभर माझ्यावर रागावलेली राहा, चालेल. पण रागवायला तरी तू पाहिजेस.

तुझाच,
दादा